भूकवच ताणले जात असताना खोलातले खडक थंड कसे होतात?

प्रश्न

भूकवच ताणले गेले की ते पातळ होते आणि खालचे तप्त प्रावरण (भूकवचाखालचा खडकांचा जाड थर) वर सरकते. मग अशा प्रदेशात खोलीबरोबर तापमान नेहमीपेक्षा वेगाने वाढायला हवे. परंतु ग्रीसमधील नाक्सोस बेटावर सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून अंशतः वितळलेले खडक ताणाच्या काळातच वर आले आणि थंड झाले, असे वाचनात आले. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावी? शिवाय एकाच खडकातील निरनिराळ्या खनिजांची वये जुळत नाहीत. त्यांपैकी कोणते वय खडक वर येण्याचा काळ मानावे?

प्रतिसाद १

दोन्ही विधाने खरी आहेत. एखाद्या ठरावीक खोलीवर लक्ष ठेवले, तर ताणामुळे तेथील तापमान वाढते. मात्र एकाच खडकाचा माग घेतला, तर तो पृष्ठभागाकडे सरकत असतो आणि पृष्ठभाग थंडच राहतो, म्हणून त्याचे तापमान अखेरीस उतरणारच.

नाक्सोस ज्यात आहे त्या एजियन समुद्राच्या भागात हा ताण आला, कारण क्रीट बेटाच्या दक्षिणेला खाली जाणारा आफ्रिकी भूपट्ट हळूहळू दक्षिणेकडे मागे सरकत राहिला. नाक्सोसवर तो ताण मंद उताराच्या एका मोठ्या विभंगाने (ज्या भेगेवरून खडक सरकतात तिने) सामावून घेतला. विभंगावरचा थंड, ठिसूळ थर उत्तरेकडे घसरत गेला आणि डोक्यावरचे ओझे हटल्यामुळे खालचे खडक उचलले गेले. म्हणजे खडक उघडे पडण्यात झिजेचा वाटा दुय्यम असून मुख्य काम विभंगाने केले आहे.

येथे वेगाला फार महत्त्व आहे. दहा किलोमीटर जाडीच्या खडकातून उष्णतेचा बदल पोहोचायला साधारण ३० लाख वर्षे लागतात आणि जाडी दुप्पट झाली, तर हा काळ चौपट होतो. खडक त्याहून जलद वर आला, तर तो आपली उष्णता सोबत घेऊन येतो: आधी दाब उतरतो, तापमान फारसे उतरत नाही (या टप्प्यात वितळणे वाढूही शकते), आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये मात्र तो झपाट्याने थंड होतो.

प्रतिसाद २

वये न जुळणे हा दोष नाही. सारी माहिती त्या फरकातच आहे. खनिजातील पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातून आर्गॉन वायू तयार होतो आणि तो किती साठला यावरून वय काढतात. हॉर्नब्लेंड हे खनिज साधारण ५०० अंशांखाली, मस्कोव्हाइट (पांढरे अभ्रक) ४०० अंशांच्या आसपास आणि कृष्णाभ्रक ३०० अंशांच्या आसपास हा आर्गॉन धरून ठेवू लागते. अ‍ॅपेटाइट या खनिजातील युरेनियमच्या विखंडनाचे माग (अणू फुटल्याने स्फटिकात उमटलेल्या सूक्ष्म खुणा) सुमारे ११० अंशांखाली टिकतात. म्हणून प्रत्येक वय खडकाने एक विशिष्ट तापमान केव्हा ओलांडले एवढेच सांगते, आणि वर येण्याचा आरंभ यांपैकी कोणत्याही एका वयावरून ठरत नाही.

दर किलोमीटरला ३० अंश असे गृहीत धरून या तापमानांची खोली काढण्याचा मोह मात्र टाळावा. उष्णता वर ओढली गेल्याने तो दर दुप्पट झाला असेल, तर ३०० अंशांचे तापमान दहाऐवजी पाचच किलोमीटरवर सापडेल. त्यापेक्षा घसरणीच्या दिशेने वये कशी बदलतात ते पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. नाक्सोसवर ती उत्तरेकडे कमी होत जातात आणि त्यावरून विभंगाचा वेग काढता येतो. बेटाच्या पश्चिमेस सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वी घुसलेल्या ग्रॅनोडायोराइट या ग्रॅनाइटसारख्या अग्निज खडकाजवळचे नमुने वेगळे ठेवावेत, कारण त्याच्या उष्णतेने शेजारच्या खनिजांची वये पुसली गेलेली असू शकतात.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. भारतात असे उदाहरण आहे का? आपली पश्चिम किनारपट्टीही ताणातूनच घडली ना?

प्रतिसाद १

हिमाचल प्रदेशातील लिओ पारगिल हे उत्तम उदाहरण आहे. हिमालयात भूपट्टांची टक्कर चालू असतानाही तेथील पट्टिताश्म (खोलवर तापून बदललेले पट्ट्यांचे खडक) पूर्व-पश्चिम ताणामुळे घुमटासारखे वर आले. पश्चिम किनाऱ्याचा ताण मात्र निराळा. सेशेल्स भारतापासून अलग झाल्यावर मुंबईजवळच्या समुद्राखालचे ताणलेले भूकवच थंड होत खचत गेले आणि गाळाखाली दबले. सह्याद्रीच्या पायथ्याशी उघडे पडलेले खडक मुख्यतः झिजेमुळे उघडे पडले आहेत, त्यामुळे तेथील थंड होण्याची वये विभंगाच्या वेगाविषयी फारसे सांगणार नाहीत.