एमबीए झालं, दोन ऑफर हातात आहेत: कन्सल्टिंग घेऊ की सप्लाय चेन?

निळी_डायरी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. आधी चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, मग नोकरी सोडून दोन वर्षांचं फुल टाइम एमबीए केलं, ऑपरेशन्स मुख्य आणि सोबत फायनान्सचे काही विषय. आता दोन ऑफर आहेत. एक कन्सल्टिंग फर्ममध्ये असोसिएट, पगार जास्त, प्रवास भरपूर. दुसरी एका ग्राहकोपयोगी वस्तू बनवणाऱ्या कंपनीत डिमांड प्लॅनिंगची, म्हणजे सप्लाय चेनमधलं मागणीचा अंदाज बांधायचं काम, पगार साधारण पाव हिश्शाने कमी, आणि पदाचं नाव ऐकून घरच्यांना काहीच बोध होत नाही.

वर्गातले झाडून सगळे म्हणतात कन्सल्टिंग सोडलंस तर वेडी आहेस, नंतर कुठेही जाता येतं, ब्रँड लागतो. पण समर इंटर्नशिप मी प्लॅनिंगमध्येच केली होती आणि ते आठ आठवडे मला खरंच आवडले होते. फक्त भीती अशी वाटते की सुरुवातच 'छोट्या' कामाने केली तर डिग्री वाया गेली असं होईल का? शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे त्यामुळे पगाराकडे दुर्लक्ष करता येत नाही, पण फक्त पगारावर ठरवायचं नाहीये. दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी प्लीज सांगा, रोजचं काम नक्की काय असतं.

साठा_आणि_मागणी

ताई, मी गेली अकरा वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाच.

तू 'छोटं काम' लिहिलंयस तिथे मी अडकलो. कॉलेजात तुम्हाला बिअर गेम खेळायला लावला असेल, अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी १९६० च्या दशकात काढलेला तो. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका, आणि शेवटच्या ग्राहकाची मागणी पूर्ण खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ खोक्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते. तरी कारखान्यापर्यंत पोचता पोचता ऑर्डरी कुठच्या कुठे उड्या मारतात. वर्गात आम्ही हसलो होतो. नोकरीच्या सातव्या महिन्यात तेच माझ्या हातून झालं तेव्हा हसू आलं नाही.

झालं असं की एका वितरकाने एका महिन्यात नेहमीच्या दुप्पट माल उचलला. मला वाटलं मागणी वाढली, मी पुढच्या तीन महिन्यांचा फोरकास्ट वाढवला, कारखान्याने त्यावरून बाटल्यांची आणि झाकणांची खरेदी वाढवली. खरं कारण एवढंच की किंमत वाढणार अशी कुणकुण लागून त्याने आधीच साठा करून ठेवला होता. त्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, मी नाही केला. नंतर दोन महिने त्याची ऑर्डरच आली नाही. गोदामात एका कोपऱ्यात छतापर्यंत माझ्या नावाचे पॅलेट उभे होते, गोदामाचे सुपरवायझर रोज सकाळी मला न बोलता त्या बाजूला हात करून दाखवायचे. कुणी ओरडलं नाही, पण त्या कोपऱ्याने मला जे शिकवलं ते दोन वर्षांच्या केस स्टडींनी शिकवलं नव्हतं.

म्हणून मला विचारशील तर पहिल्या नोकरीत एकच गोष्ट बघ, एखादा आकडा तुझ्या नावावर असणार आहे का. फोरकास्ट चुकला तर प्लॅनरचा चुकला, साठा पडून राहिला तर प्लॅनरचा, माल संपला आणि विक्रीवाल्यांचे फोन सुरू झाले तरी प्लॅनरच. त्रास खूप होतो पण तीन वर्षांत तुला विक्री, खरेदी, उत्पादन, फायनान्स सगळ्यांची भाषा येते कारण दर महिन्याच्या एस अँड ओपी (विक्री आणि उत्पादनाचा मेळ घालायच्या) मीटिंगमध्ये या सगळ्यांना एका आकड्यावर आणायचं काम तुझंच असतं. पुढे प्लँट, खरेदी, जनरल मॅनेजमेंट, कुठेही जाता येतं. माझ्या टीममधली एक जण आज एका पूर्ण प्रॉडक्ट लाइनचा नफातोटा सांभाळते.

रात्रीची_स्लाइड

वरच्या दादांशी अर्धी सहमत. मी पाच वर्षं कन्सल्टिंगमध्ये होते आणि आता एका कंपनीत स्ट्रॅटेजी बघते, म्हणून दुसरी बाजू लिहिते, कारण कन्सल्टिंग म्हणजे नुसत्या स्लाइड असं म्हणणारे पण पुष्कळ भेटतात आणि ते खरं नाही.

पहिली दोन वर्षं तुझं काम म्हणजे गुंता सोडवून त्याचे प्रश्न पाडणं. क्लायंट म्हणतो नफा घसरलाय. तू ते फोडतेस: किंमत, विक्रीचं प्रमाण, खर्च, त्यात परत कुठल्या उत्पादनाचा, कुठल्या भागातला. मग डेटा मागायचा, तो वेळेवर येत नाही, आला तर दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत, मग रात्री बसून ते जुळवायचे. सकाळी नऊला क्लायंटच्या संचालकासमोर जे पान जाणार त्यातला एक बेरजेचा आकडा चुकला तर बाकीच्या चाळीस पानांवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती शिस्त अंगात मुरते आणि आयुष्यभर कामाला येते. दोन वर्षांत तीन-चार वेगवेगळे उद्योग आतून बघायला मिळतात, हे दुसरीकडे कुठे मिळणार?

पण दादा म्हणतात तो मुद्दा खरा आहे. आपण सांगून निघतो, पुढे काय झालं ते कळत नाही. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये आम्ही गोदामं कमी करा असं सुचवलं होतं, मनापासून मेहनत केली होती, आणि नंतर ती बंद केली की नाही, केल्यावर माल वेळेत पोचला की नाही, मला आजही माहीत नाही. मला ते खुपायला लागलं तेव्हा मी बाहेर पडले. आणि बऱ्याच फर्ममध्ये ठराविक वर्षांत बढती नाही झाली तर बाहेर पडावं लागतं, हेही आधीच माहीत असू दे.

कर्जाबद्दल: जास्त पगाराने ते लवकर फिटतं यात काही कमीपणा नाही. दोन वर्षांचं गणित मांडून बघ, हप्ता वजा करून हातात किती उरतात ते दोन्ही ऑफरसाठी.

हिशेबी

फायनान्सचे विषय घेतलेयत म्हणून मधेच लिहितो. मी एफपी अँड ए मध्ये आहे, म्हणजे बजेट, अंदाज आणि 'ठरवलं होतं काय आणि झालं काय' याचा हिशेब. एका लहान कंपनीत होतो तिथे विक्री जोरात होती, कागदावर नफा होता, आणि एका महिन्यात पगार करायला बँकेत पैसे नव्हते. ग्राहक ९० दिवसांनी पैसे द्यायचे, पुरवठादार ३० दिवसांत मागायचे, मधल्या ६० दिवसांचा खड्डा आणि वर साठ्यात अडकलेले दिवस वेगळेच. विक्री जितकी वाढत होती तितका तो खड्डा मोठा होत होता. हे सांगायचं कारण असं की साठ्याचे दिवस कमी करणारा माणूस म्हणजे थेट कंपनीची रोकड मोकळी करणारा माणूस, आणि ते काम प्लॅनरच्या हातात असतं. त्यामुळे तुझं फायनान्स तिथे वाया जाणार नाही.

अजून एक, एमबीएनंतर भीतीपोटी सर्टिफिकेट गोळा करत सुटू नकोस. सीएफए चांगलंच आहे पण ते गुंतवणुकीच्या कामाकडे जायचं असेल तर, त्याच्या परीक्षेच्या तीन लेव्हल आहेत आणि चार्टर, म्हणजे ते प्रमाणपत्र, मिळायला परीक्षांशिवाय कमीत कमी ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. दिशा ठरायच्या आधी एवढी वर्षं त्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाटी_कोरी

मार्केटिंगवाली आहे. ब्रँड मॅनेजर, प्रॉडक्ट मॅनेजर या नोकऱ्यांचं मूळ १९३१ च्या एका मेमोत सापडतं, प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकएलरॉयने लिहिला होता, की प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसं हवीत. आज प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे सगळे धावतात. तू टेस्टिंगमधून आलीस म्हणून तोही रस्ता आहे, इंजिनिअर लोकांशी तुझं लगेच जमेल. फक्त त्यात जबाबदारी तुझी आणि माणसं दुसऱ्याच्या हाताखालची, रोज समजावत बसावं लागतं. आत्ता हातात नसलेली ऑफर शोधायला जाऊ नकोस, दोन-तीन वर्षांनी प्लॅनिंगमधून तिकडे वळता येईल.

निळी_डायरी

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. 'आकडा तुझ्या नावावर असणार आहे का' हे वाक्य डोक्यातून जाईना. मग मी दोन्हीकडे फोन करून एकच प्रश्न विचारला, मागच्या सहा महिन्यांत टीमकडून काय चुकलं आणि नंतर काय केलं. कन्सल्टिंगवाल्या मॅडम चांगल्या बोलल्या पण क्लायंटची माहिती गुप्त असल्याने फार सांगता येत नाही म्हणाल्या, ते समजू शकते. प्लॅनिंगचे हेड मात्र वीस मिनिटं बोलले, एका नव्या उत्पादनाचा फोरकास्ट किती चुकला, कुणाचं गृहीतक होतं, आता काय बदललंय, सगळं. शेवटी म्हणाले हीच फाइल तुमच्याकडे येईल.

हप्त्याचं गणित पण केलं. कर्ज साधारण दीड वर्ष उशिरा फिटेल. घरी तो कागद दाखवला, बाबांनी दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले झेपेल.

आज प्लॅनिंगला होकार कळवला. पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. साठादादा, पहिल्या आठवड्यात काय करू?

साठा_आणि_मागणी

अभिनंदन!! फार आनंद झाला वाचून.

मागच्या बारा महिन्यांचा फोरकास्ट आणि प्रत्यक्ष विक्री एका शीटवर शेजारी शेजारी ठेव, उत्पादनवार. चूक किती टक्के ते नंतर बघ, आधी चूक कुठल्या दिशेने आहे ते बघ. एखाद्या उत्पादनाचा अंदाज दर महिन्याला वरच जात असेल तर तिथे कुणीतरी सवयीने आकडा फुगवतंय, विक्रीवाले बहुतेक, त्यांना माल कमी पडायची भीती असते. लगेच कुणाला बोलू नकोस. ती शीट घेऊन गोदामात जा, सगळ्यात जुनी तारीख असलेले पॅलेट कुठे आहेत ते सुपरवायझरना विचार, आणि मोठ्या तीन वितरकांचे नंबर फोनमध्ये सेव्ह करून घे.