मदत हवी आहे: हायब्रीड गाडीचं ॲव्हरेज २३ वरून १७ वर आलंय, माझं कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

माझी गाडी फुल हायब्रीड आहे. म्हणजे घरी प्लग लावून चार्ज करायची नाही आणि मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते तशी नुसती माइल्डही नाही. पेट्रोल इंजिन, मोटर आणि चालता चालता स्वतःच चार्ज होणारी बॅटरी. घेऊन चार वर्षं होत आली. पहिली साडेतीन वर्षं लिटरला २३ च्या खाली क्वचितच गेली. गेले चार महिने मात्र १७ च्या आसपास घुटमळतेय, एकदा तर १६.४ आलं. सर्व्हिसिंग वेळेवर झालंय. वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी कॉम्प्युटर जोडून बघितला आणि "एरर काही नाही, थंडीत हायब्रीड असंच देते" म्हणून परत पाठवली. लिटरमागे सहा किलोमीटर कमी होणं "असंच" म्हणून सोडून द्यायला मन तयार होत नाही. ही गाडी मी ॲव्हरेजसाठीच घेतली होती.

काय काय बदललं ते सांगते. ऑफिस बदललं. पूर्वी एका बाजूला २४ किमी जायचे, आता जेमतेम ५. त्याच सुमाराला चारही टायर नवे टाकले. आणि थंडी सुरू झाली.

चालवायची पद्धत अशी: ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबते, इंजिन लागूच नये असा प्रयत्न असतो. ईव्हीचं बटण, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर चालवायचं, रोज सकाळी निघतानाच दाबते. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकते. ही सवय बाबांनी लावली, त्यांच्या गिअरच्या गाडीवर मी शिकले. सिग्नललाही न्यूट्रल.

काल सकाळी मुद्दाम स्क्रीनवर ते बाणांचं चित्र लावून बसले, इंजिन, बॅटरी आणि चाकांमध्ये ताकद कुठून कुठे जातेय ते दाखवणारं. गाडी सुरू केली, हीटर २६ वर, पंखा फुल. ईव्हीचं बटण दाबलं, दिवा लागला. गल्लीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर दिवा गेला आणि इंजिन सुरू झालं. मग सिग्नलला उभी होते, पाय ब्रेकवर, तरी इंजिन चालूच. इंजिनकडून बॅटरीकडे बाण जात होता आणि बॅटरीच्या आठ कांड्यांपैकी दोनच शिल्लक होत्या. पूर्वी सिग्नलला इतकी शांतता असायची की गाडी बंद पडली की काय असं वाटायचं. ऑफिसच्या गेटशी पोचले तेव्हा कुठे इंजिन पहिल्यांदा बंद झालं.

आणखी एक गोष्ट, संबंध आहे की नाही कळत नाही: मागच्या सीटच्या बाजूने पंख्यासारखा घूं आवाज येतो, आधी येत नव्हता.

बॅटरी गेली का? की माझं चालवणं चुकतंय? ज्यांनी हायब्रीड बरीच वर्षं चालवलीय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

आधी एक विचारतो. १७ हा आकडा स्क्रीनवरचा की टाकी फुल करून काढलेला?

धागाकर्ती

स्क्रीनवरचा. दर टाकीचा आकडा लिहून ठेवते आणि महिन्याच्या शेवटी त्यांची सरासरी काढते.

प्रतिसाद १

मग मोजण्यापासूनच सुरुवात करू. स्क्रीन बहुतेक गाड्यांत थोडं चढवूनच दाखवते. टाकी फुल करा, ट्रिप शून्य करा, पुन्हा फुल कराल तेव्हा किलोमीटर भागिले लिटर. पण एका टाकीवर विश्वास ठेवू नका. पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. ३० लिटरच्या भरण्यात दोन लिटर इकडेतिकडे झाले तर तिथेच सहा-सात टक्के चूक. चार-पाच टाक्यांचा हिशोब एकत्र धरा.

आणि सरासरीची सरासरी काढू नका. समजा एका टाकीत १५ लिटरला ३०० किमी झाले, म्हणजे २०. दुसऱ्या टाकीत २४ लिटरला ६००, म्हणजे २५. सरासरी २२.५ दिसते, पण ३९ लिटरमध्ये ९०० किमी म्हणजे खरं ॲव्हरेज २३.१ येतं.

टायरचंही यातच सांगतो. झिजलेला टायर नव्यापेक्षा त्रिज्येला पाच-सहा मिलिमीटर लहान असतो. त्रिज्या साधारण ३०० मिमी धरली तर हा दोन टक्क्यांपर्यंतचा फरक. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे पडतात, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवरचे तुमचे २३ खरे साडेबावीसच होते असं धरा. शिवाय नव्या टायरचे गट्टू खोल असतात, ते रस्त्यावर जास्त दबतात-उलगडतात, त्यात ताकद जाते. कंपनीने मूळ दिलेले टायर बहुतेक वेळा कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना कमी ताकद खाणारे असतात. बदलताना तुम्ही तसेच मागितले होते का?

धागाकर्ती

नाही, दुकानदाराने "पकड चांगली आहे" म्हणून दिले ते घेतले. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रतिसाद २

टायरने एखादा किलोमीटर गेला असेल, सहा नाही. तुमचा खरा शत्रू ते ५ किमी आहेत.

थंड इंजिन सुरू झालं की हायब्रीडचा कॉम्प्युटर आधी सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतो. तो तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. पहिलं मिनिटभर इंजिन जवळजवळ एवढ्यासाठीच चालतं, गाडी ढकलायचं बरंचसं काम मोटर करते. बाणांकडे नीट बघा, इंजिनाचा आवाज असूनही बॅटरीतून चाकाकडे बाण जाताना दिसेल. त्यानंतर इंजिनाचं पाणी आणि ऑइल तापायचं असतं. ते होईपर्यंत कॉम्प्युटर सिग्नलला इंजिन बंद करू देत नाही. थंडीत पूर्ण तापायला पाच-सात किलोमीटर सहज जातात. तुमचं ऑफिस पाचव्या किलोमीटरला! इंजिन तापलं, आता हायब्रीड खरं काम सुरू करणार, तेवढ्यात तुम्ही गाडी बंद करता. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी २४ किमीच्या प्रवासात हा तापवण्याचा खर्च १९-२० किमींवर पसरत होता, आता त्याला पसरायला जागाच नाही.

म्हणून बॅटरी गेली वगैरे आत्ताच मनात आणू नका. बॅटरी खरंच खराब होते तेव्हा कांड्या भरभर चढतात, भरभर उतरतात, आणि पुढे इशाऱ्याचा दिवाही लागतो.

ईव्हीच्या बटणाने तुम्ही हे सगळं आणखी बिघडवताय. थंड इंजिनाला तापायची वेळ येते तेव्हा तुम्ही बॅटरी रिकामी करून ठेवलेली असते. मग त्याला तापायचंही असतं, गाडीही ओढायची असते आणि बॅटरीही भरायची असते. सिग्नलला दोन कांड्या आणि चालू इंजिन, हे त्याचंच चित्र आहे. ब्रेक लावताना जी वीज येते ती फुकटची. इंजिनाने भरलेली वीज म्हणजे पेट्रोलच: पेट्रोलची वीज, वीज बॅटरीत, बॅटरीतून परत मोटरला, प्रत्येक टप्प्यावर थोडी गळते. बंद पार्किंगमधून आवाज न करता बाहेर पडायचं असेल तेव्हा बटण वापरा. एरवी विसरून जा.

प्रतिसाद ३

न्यूट्रलबद्दल कळकळीने सांगतो, ते आजच बंद करा. गिअरच्या गाडीत बाबांचं म्हणणं त्यांच्या जागी असेल, पण हायब्रीड न्यूट्रलमध्ये असताना चार्जच होत नाही. मॅन्युअलमध्ये तशी सूचना असते, काढून बघा. उतार म्हणजे बॅटरी भरायची आयती संधी, आणि नेमकी तिथे तुम्ही मोटरचा हात सोडवता. वर ब्रेक लावावा लागला तर तो नुसता पॅड घासून लागतो, सगळी ताकद उष्णता होऊन जाते. सिग्नललाही डी (ड्राइव्ह) मध्येच ठेवा, पाय ब्रेकवर. इंजिन बंद असतं, त्यामुळे काही जळत नाही.

गाडी मोकळी सोडायची असेल तर त्याचीही रीत आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की गाडी थोडा ब्रेक लागल्यासारखी ओढ घेते, चार्जिंगचा बाण दिसतो. आता पेडल अगदी किंचित दाबा, पायाच्या अंगठ्याच्या जोरावर, आणि बाण बघत राहा. एका जागी सगळे बाण नाहीसे होतात. इंजिन बंद, मोटर बंद, चार्जिंगही बंद, गाडी नुसती घरंगळतेय. सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० च्या वेगात हे जमलं की बघा कसा फरक पडतो. पण हे फक्त गरम इंजिनावर.

प्रतिसाद ४

ॲक्सिलरेटर हलका दाबण्याबद्दल मात्र बरोबरच आहे ना? मीही तसंच चालवते, जितकं हळू तितकं चांगलं.

प्रतिसाद ३

नाही, इथे माझा अनुभव उलट आहे. हायब्रीडमध्ये बहुतेक वेळा ॲटकिन्सन सायकलचं, म्हणजे जोरापेक्षा पेट्रोलच्या बचतीकडे झुकलेलं इंजिन असतं. चौथ्या पिढीच्या प्रियसच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता टोयोटाने ४० टक्क्यांपर्यंत सांगितली होती. पण ती मिळते इंजिनावर बऱ्यापैकी भार असताना. मुंगीच्या पावलाने वेग वाढवला तर इंजिन कितीतरी वेळ कमी भाराखाली कुंथत राहतं, किंवा तेवढा वेळ बॅटरी उपसली जाते. सिग्नल सुटला की डॅशबोर्डवरचा ताकदीचा काटा इकोच्या वरच्या टोकाशी ठेवायचा, पॉवरमध्ये जाऊ द्यायचा नाही, हवा तो वेग पटकन गाठायचा आणि मग पाय सैल करायचा. इंजिन चालावं, पण चालेल तेव्हा पुरेपूर कामाला लागावं. एवढं मनाशी पक्कं केलं की बटणं आणि युक्त्या लागत नाहीत.

बचत खरी ब्रेकमध्ये आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच हलका ब्रेक. मोटर एका मर्यादेपर्यंतच वीज बनवू शकते. जोरात दाबला की वरचं सगळं पॅडवर जातं. थांबताना वेग ताशी काही किमीच उरतो तेव्हाही पॅडच काम करतात, तिथे काही मिळत नाही.

प्रतिसाद ५

त्या घूं आवाजाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ताई, बऱ्याच हायब्रीड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा मागे असते आणि ती केबिनच्या हवेनेच थंड होते. सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. ती झाकली गेली किंवा धुळीने भरली की पंखा जोरात फिरतो. तरी बॅटरी तापली तर कॉम्प्युटर तिच्याकडून कमी काम घेतो, मग उरलेलं इंजिनाच्या अंगावर येतं. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा.

हीटर २६ वर आणि पंखा फुल हेही कमी करा. एसीचा कॉम्प्रेसर अशा गाड्यांत विजेवर चालतो, पण केबिनची ऊब बहुतेकांत इंजिनाच्या गरम पाण्यातून येते. तुम्ही ऊब मागत राहिलात की गाडी उभी असतानाही ते पाणी गरम ठेवायला इंजिन चालू राहतं. पहिली काही मिनिटं पंखा बंद, मग २०-२१. सीट गरम करायची सोय असेल तर ती आधी. काचेवर वाफ धरली तर मात्र काटकसर नको, डिफॉगर लावा, समोरचं दिसणं आधी.

हवा? थंडीत तपासली का? तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय कमी होते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना भरा.

धागाकर्ती

जाळी सापडली! मागच्या सीटच्या उजव्या बाजूला, खाली. मुलीची प्रवासाची चादर मी तिथे घडी करून ठेवली होती, ती बरोबर जाळीला टेकली होती. चादर उचलली तर जाळीवर करड्या लोकरीसारखा थर. मऊ ब्रश आणि व्हॅक्युमने वरून साफ केली. आतला फिल्टर वर्कशॉपकडून काढून घेतला, तोही भरलेला होता. चारही टायरमध्ये पाच पीएसआय हवा कमी निघाली. हे तिथे आधीच बघायला हवं होतं असं राहून राहून वाटतं.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

परत लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात. ईव्ही बटण आणि न्यूट्रल दोन्ही बंद. हीटर पहिल्या दोन किलोमीटरनंतर, २१ वर. संध्याकाळची भाजी-दुकानं-क्लास अशी कामं वेगवेगळी न करता ऑफिसहून येतानाच एका फेरीत, इंजिन गरम असताना. दोन टाक्या फुल करून मोजल्या: ५४ लिटरमध्ये १०७० किमी, म्हणजे १९.८. मधल्या रविवारी ६० किमी लांब जाऊन आलो, ताशी ८० च्या आसपास, त्या दिवशी स्क्रीनवर २४.६ दिसलं. म्हणजे गाडी ठणठणीत आहे. घूं आवाजही गेला.

एक शंका उरली. येताना एक लांब घाट उतरलो. अर्ध्यात बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरल्या आणि इंजिन अचानक मोठ्याने फिरायला लागलं. तिथे गिअरच्या दांड्यावरचं बी (इंजिन ब्रेकिंगचं) टाकायला हवं होतं का?

प्रतिसाद २

बॅटरी भरली की ब्रेकची वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून ती ताकद जिरवते. पेट्रोल त्यात जळत नाही, बिघाड नाही. बी मध्ये हेच मुद्दाम घडतं, म्हणून लांब तीव्र उतारावर पॅड तापू नयेत यासाठी तो वापरायचा. रोजच्या रस्त्यावर बी ठेवलात तर बॅटरीत जाऊ शकणारी ताकद वाया घालवाल. घाटात सुरुवातीला डी, कांड्या भरत आल्या की बी, खाली पोचलात की लगेच परत डी.

धागाकर्ती

कळलं. पुढच्या महिन्यात त्याच घाटातून जायचंय, तेव्हा असंच करून बघते आणि इथे कळवते. टायर झिजले की पुढचे कमी रोलिंग रेझिस्टन्सचेच घेणार, तोवर दर पंधरा दिवसांनी हवा.