होमली : चूक नेमकी कुणाची?

लग्नाच्या जाहिरातींत मुलीला 'होमली' म्हणणं ही आपल्याकडची इंग्रजीची चूक, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. ब्रिटिश इंग्रजीत होमली म्हणजे साधं, घरगुती, आपलेपणाचं. जागेला, जेवणाला, माणसालाही लागतं. आपण त्याच्यावर 'गृहकृत्यदक्ष'चा भार टाकला, इतकंच. अमेरिकेत मात्र होमली मुलगी म्हणजे दिसायला यथातथा. तिकडच्या स्थळाला बायोडेटा पाठवताना जपून! घरगुती या अर्थी ते 'होमी' म्हणतात.

पण हा 'रूपाने सुमार' अर्थ अमेरिकनांनी काढलेला नाही. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडमध्येच तो चालत होता. पुढे तिथे मागे पडला, अमेरिकेत टिकला. 'गेट' क्रियापदाचं 'गॉटन' हे रूप आणि शरद ऋतूसाठीचं 'फॉल', यांचंही साधारण तसंच झालं.