‘सोलमेट’ला ऋणानुबंध म्हणावे काय?

तळटीप:
एका ध्यानवर्गासाठी मी छोट्या इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करीत आहे आणि तिच्यातील एका वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे. वाक्याचा आशय असा : सोलमेट म्हणजे आपल्याला सुख देणारे माणूस नव्हे, तर ज्याच्या सहवासात आपली करुणा वाढते आणि मागचे कर्म फिटत जाते असे माणूस. मी प्रथम ‘आत्मसखा’ लिहिले, पण तो शब्द वाचताच टाळमृदंग ऐकू येतात. मग ‘ज्याच्याशी आपला ऋणानुबंध आहे असे माणूस’ असे लिहून मोकळी झाले. खर्डा सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ऋणानुबंध तर आपल्या जुन्या घरमालकाशीही होता. अकरा वर्षं कसा फेडला ते मला विचार.’’ त्यावर मला उत्तर सुचले नाही. आपणांपैकी कुणाला सुचते का?

जुना वाचक:
आपल्या सासूबाईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ‘ऋणानुबन्धरूपेण पशुपत्नीसुतालयाः । ऋणक्षये क्षयं यान्ति तत्र का परिदेवना ॥’ हे सुभाषित पाहावे. पशू, पत्नी, मुले आणि घर ही सारी ऋणाच्या नात्याने आपल्याकडे येतात, ऋण संपले की निघून जातात, मग शोक कशाला, असा त्याचा अर्थ. गाय आणि बायको एकाच समासात, एकाच खतावणीत आहेत, हे लक्षात घ्या. या शब्दात प्रेम गृहीत नाही, देणेघेणे गृहीत आहे. वैऱ्याशीही ऋणानुबंध असू शकतो. निरोपसमारंभात ‘आपला ऋणानुबंध असाच राहो’ म्हणणारा वक्ता वास्तविक ‘आपला हिशेब कधीच न मिटो’ असा शाप देत असतो.

सातवे पाऊल:
जुना वाचक यांच्या व्युत्पत्तीबद्दल आदर आहे, पण शब्द बोलणाऱ्यांचा असतो, समासाचा नव्हे. माझ्या आजीला बाळंतपणानंतर दीर्घ आजारपण आले, तेव्हा शेजारच्या एका बाईने जवळजवळ वर्षभर तिचे पाणी भरले, पोरे सांभाळली, आणि मोबदला म्हणून कधी वाटीभर साखरही घेतली नाही. आजी शेवटपर्यंत म्हणत असे, ‘‘माझं नि तिचं मागल्या जन्मीचं देणं आहे.’’ हे म्हणताना तिचा आवाज सावकाराचे नाव घेतल्यासारखा होत नसे. हिशेबाच्या शब्दात माया भरणे ही मराठी बायकांची जुनी रीत आहे आणि कोशाने ती नोंदवावी.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर साधा ‘सखा’ का नको? सप्तपदीत सातव्या पावलाला ‘सखा सप्तपदी भव’ असेच म्हणतात. पाणिनीनेही ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे सूत्र दिले आहे, म्हणजे सात पावले सोबत चालल्याने जडते ते सख्य. त्यात ऋणही नाही आणि आत्माही नाही, फक्त चालणे आहे.

वऱ्हाडी पाहुणा:
आमच्याकडे ‘जिवाचा मैतर’ म्हणतात आणि त्याला पसायदानाचाच आधार आहे : ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥’ ज्ञानेश्वरी 1290 सालची. सातशे वर्षांहून अधिक काळ शब्द घरात पडून असताना तो बाहेर शोधण्याची गरज काय?

जुना वाचक:
गरज अशी, की तेथे ‘मैत्र’ नपुंसकलिंगी आहे. ते मित्राचे नव्हे, मैत्रीचे नाव आहे. क्रियापदही पाहा : ‘पडो’. गाठ पडावी, सावली पडावी, तसे जिवाजिवांत मैत्र पडावे. शिवाय ते सर्व भूतांसाठी मागितलेले आहे, तर सोलमेट ही एकाच माणसापुरती सोय आहे. पसायदान एका जोडप्यापुरते आखडणे मला पटत नाही.

प्रज्ञादीप:
शब्दाच्या आधी वाक्यच तपासायला हवे, कारण त्यातच अंतर्विरोध आहे. आम्ही बौद्ध घरातले. प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द आमच्याकडे पाळण्यातल्या नावांपर्यंत पोचलेले आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा नाही असे मांडले आहे. तसा सिद्धान्त मानला तर दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते, असा त्यांचा रोख आहे. समोरच्याचे दुःख त्याच्या मागच्या जन्माचे फळ असेल, तर माझ्या करुणेला तेथे काम काय उरते? तेव्हा ‘करुणा वाढते आणि मागचे कर्म फिटते’ ही दोन टोके एका वाक्यात बांधण्यापूर्वी भाषांतरकाराने लेखकाला जाब विचारावा. आणि करुणेच्या जागी कृपा करून ‘दया’ लिहू नये. दया वरून खाली पाहते, करुणा शेजारी बसते.

जुना वाचक:
कर्माबद्दलचा आपला मुद्दा मान्य, दयेबद्दलचा अमान्य. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर ‘दया’ करण्याचीच प्रतिज्ञा आहे. तुकोबा तर म्हणतात, ‘दया करणें जें पुत्रासी । तेंचि दासा आणि दासी ॥’ मालक आणि नोकर यांच्यातली उतरंड जो शब्द मोडतो आहे, त्यालाच आपण उतरंडीचा शब्द म्हणत आहात.

प्रज्ञादीप:
प्रतिज्ञा मला पाठ आहेत, तरी त्या शब्दाकडे असे कधी पाहिले नव्हते, हे कबूल करतो. पण आज ‘दयेचा अर्ज’, ‘कुणाच्या दयेवर जगणे’ ही रूपे रूढ आहेत. शब्द बोलणाऱ्यांचा असतो, असे वर कुणीतरी लिहिले आहेच.

निवृत्त लिपिक:
‘अनुकंपा’ कुणी सुचवण्याच्या आत लिहून ठेवतो. मूळ अर्थ किती सुंदर : दुसऱ्याच्या कंपाने आपणही कंपित होणे. पाली भाष्यकार बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेची फोडही अशीच केली आहे, की परदुःख पाहून सज्जनांचे हृदय जी कंपित करते ती करुणा. मी मात्र सत्तावीस वर्षे अनुकंपा तत्त्वावरील नियुक्त्यांच्या फायली हाताळल्या. बाप नोकरीत असताना वारलेल्या मुलांना आमच्या कार्यालयात ‘अनुकंपावाले’ म्हणत. ‘‘आज दोन अनुकंपावाले येऊन गेले’’ हे वाक्य डबा उघडता उघडता उच्चारले जाई, आणि कुणाचेही काहीही कंप पावत नसे. त्यामुळे हा शब्द ध्यानाच्या पुस्तिकेत आला, तर मला आधी प्रतीक्षायादी दिसेल.

सातवे पाऊल:
दया, करुणा, अनुकंपा, सारे तत्सम! आपला ‘कळवळा’ कुणालाच आठवू नये? ‘लेकुराचें हित । वाहे माउलीचें चित्त ॥ ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥’ ऋणानुबंधाची सारी खतावणी तुकोबांनी ‘लाभाविण’ या एका शब्दात फाडून टाकली आहे. माझ्या मते ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ती दुसऱ्याकडे ‘वळते’ म्हणून कळवळा.

जुना वाचक:
कल्पना गोड आहे, परंतु हळहळ, तळमळ, मळमळ यांच्या पंक्तीत बसवून पाहा. मळमळीत काय कुणाकडे वळते? हे पोटातून आलेले नादशब्द आहेत, त्यांना समासाचे कपडे घालू नयेत.

वऱ्हाडी पाहुणा:
मळमळीचा पुरावा चुकीचा आहे. ती रूपे एकाच आवर्तनाची, त्यांत ‘व’ कोठे आहे? मात्र ‘चळवळ’, ‘वळवळ’ घेतले तर विचार करता येईल.

तळटीप:
सर्वांचे आभार. संपादकांनी ‘सोलमेट’ देवनागरीत तसाच ठेवण्यास सांगितले आहे, कारण वाचक तरुण आहेत. मला ते मनापासून पटलेले नाही. काल सासूबाईंनाच विचारले, की मामंजींना तुम्ही काय म्हणाल? त्या म्हणाल्या, ‘‘आपलं माणूस.’’ पुस्तिकेत हे चालेल का?

निवृत्त लिपिक:
लिंग सांभाळून चालेल. ‘आपला माणूस’ असे पुल्लिंगात लिहिलेत, तर तो फाईल पुढे सरकवणारा होतो. ‘आपलं माणूस’ असे नपुंसकात लिहिलेत, तर ते दवाखान्यात रात्रभर बाकावर बसते.

प्रज्ञादीप:
हा भेद सर्वत्र पाळला जात नाही. आमच्या वस्तीत निवडणुकीच्या उमेदवारालाही ‘आपलं माणूस’ म्हणतात.

सातवे पाऊल:
‘चळवळ’मध्ये ‘वळ’ आहे, म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरते. जुना वाचक यांनी उत्तर द्यावे.