अनुभव धागा: वेळेचा हिशोब प्रत्यक्षात कसा बसवता?

वेळेचं महत्त्व सगळ्यांना पटलेलं आहे, त्यावर निबंध नकोत. कोणतं काम, त्याला किती मिनिटं, कशाच्या आधी काय आणि घोडं कुठे अडतं, एवढं लिहा.

पहाटपोळी
सकाळच्या डब्याची कामं दोन प्रकारची: हात अडकवणारी आणि एकदा लावून दिली की आपली आपण होणारी. दुसरी नेहमी आधी लावायची. कणीक मळून बाजूला ठेवली की ती मुरायला १५-२० मिनिटं लागतात, म्हणून पहिलं काम तेच. मग वरण-भाताचा कुकर. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत जवळजवळ अर्धा तास जातो. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर पोळ्या. लाटण्या-भाजण्याला एकीची दीड-दोन मिनिटं धरली तर १२ पोळ्यांना २०-२५ मिनिटं. कुकर उतरवला की त्याच शेगडीवर भाजीची कढई.

वेळ बुडतो तो निवडण्यात. मेथी, गवार सकाळी हातात घेतली की डबा हुकलाच! ती रात्रीची कामं. मटकीचं गणित आणखी लांबचं: ८-१० तास भिजवणं, मग फडक्यात बांधून मोड यायला उन्हाळ्यात साधारण १२ तास, थंडीत २४ सुद्धा. म्हणजे हिवाळ्यात मंगळवारच्या डब्यातली उसळ रविवारी रात्रीच ठरवावी लागते. आठवड्याच्या भाज्या कागदावर लिहून ठेवायच्या त्या यासाठीच.

गोठ्यातून
इथे घड्याळ जनावराचं असतं. दोन धारांमध्ये शक्यतो १२ तासांचं अंतर ठेवावं. कास धुऊन चोळली की मिनिटा-दीड मिनिटात गाय पान्हा सोडते आणि त्याचा जोर ५-७ मिनिटंच टिकतो. तेवढ्यात धार पुरी झाली नाही तर दूध कासेत राहतं, पुढे दूध घटतं, दगडीचा (कास सुजण्याच्या रोगाचा) धोका वाढतो. म्हणून बादली, कोमट पाणी, कोरडं फडकं, आंबोण हे सगळं कासेला हात लावण्याआधी जवळ हवं. मध्येच फोन वाजला तर वाजू द्यावा. काम कुठेही तोडता येतं असं समजणाऱ्यांनी एकदा धार काढून बघावी.

उत्तरपत्रिका
यूपीएससी मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा पेपर घ्या: २० प्रश्न, २५० गुण, १८० मिनिटं. दहा प्रश्न १० गुणांचे, दहा १५ गुणांचे. पहिल्यांना ७ मिनिटं आणि दुसऱ्यांना साडेदहा धरली तर १७५ होतात. हातात उरतात ५ मिनिटं, बस्स. घात सुरुवातीलाच होतो. येणाऱ्या प्रश्नांवर हात सैल सुटतो. ७ मिनिटांच्या पहिल्या तीन उत्तरांना १२-१२ मिनिटं दिली की १५ मिनिटं जास्तीची गेली. हातातली ५ वापरली तरी १० कमी पडतात, म्हणजे शेवटचा १५ गुणांचा एक प्रश्न जवळजवळ कोरा. सरावाला एकदम पूर्ण पेपर घेऊ नका. ७ मिनिटांचा गजर लावून एकच उत्तर लिहा. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. हे कठोर वाटतं, पण त्याशिवाय हाताला ७ मिनिटं कळत नाहीत.

कंपासपेटी
लहान मुलांबद्दल. दुसरीतल्या मुलाला ‘अर्ध्या तासात आवर’ म्हणून काही उमगत नाही. काट्यांचं घड्याळ लावा आणि ‘मोठा काटा सहावर येईपर्यंत’ असं सांगा. दप्तर रात्री, वेळापत्रक समोर ठेवून, त्यानेच भरायचं. पाचवीच्या पुढे वहीत दोन रकाने: अंदाज आणि प्रत्यक्ष. गणिताच्या सरावसंचाला २० लिहिलेली मिनिटं ३५ निघतात, हे मुलाने स्वतः बघणं फार मोलाचं. बिघडतं ते पालकांमुळे: दर पाच मिनिटांनी आठवण केली तर मूल घड्याळाकडे बघतच नाही, आईच्या आवाजाची वाट बघतं.

कच्चाखर्डा
हे दोन रकाने मोठ्यांनीही ठेवावेत. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की अंदाज बांधताना माणूस समोरच्या कामाचे बारकावे बघतो, तशाच जुन्या कामांना किती वेळ लागला ते बघत नाही. म्हणून ऑफिसात अहवालाची तारीख देण्याआधी मागच्या तीन अहवालांचे प्रत्यक्ष दिवस काढा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा. साहेब कुरकुरतील, पण दिलेली तारीख पाळली जाईल. त्यातही दुसऱ्याच्या सहीसाठी लागणारे दिवस वेगळे लिहा. ते आपल्या हातात नसतात आणि बहुतेक उशीर तिथेच होतो.