जहाज ‘रुतवलं’ की ‘जमीनदोस्त केलं’?

चिमणचारा:
एका चित्रफितीची मराठी उपशीर्षकं करते आहे. प्रसंग ३ जानेवारी २०१५ च्या रात्रीचा. ‘होएग ओसाका’ हे मोटारी वाहून नेणारं जहाज इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला निघालं आणि साउदम्प्टनजवळच्या सोलंट या सामुद्रधुनीत वळण घेताना एका अंगावर कललं. ते उलटू नये म्हणून कप्तान आणि पायलटने (बंदराच्या वाटाड्याने) ब्रॅम्बल बँक या वाळूच्या दांड्यावर मुद्दाम नेऊन... पुढचं क्रियापद हवं आहे. मी ‘रुतवलं’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘जमीनदोस्त केलं’ लिहिलं. त्यांचं म्हणणं, रुतणं आपोआप होतं, रुतवणं असं काही नसतं. काटा कोणी रुतवतो का?

तळकोकणी:
जमीनदोस्त इमारती होतात, त्याही महापालिकेची नोटीस आल्यावर. ‘रुतवणे’ चालेल, पण त्यात चिखल आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ‘चढवतात’ आणि मग शाकारतात. ‘दांड्यावर चढवलं’ लिहा, सुटसुटीत.

जुना दर्यावर्दी:
‘चढवलं’ म्हटलं की मला गुजरातमधलं अलंग दिसतं. मोठ्या भरतीला इंजिन पूर्ण जोरात ठेवून जहाज किनाऱ्यावर घालतात, ते पुन्हा पाण्यात जाण्यासाठी नव्हे, तोडण्यासाठी. इथे हेतू उलटा आहे. तळाला टेकू मिळावा आणि पुढच्या एखाद्या भरतीला जहाज सुटावं. ओसाका ७ जानेवारीच्या भरतीला सुटलंच, बचाववाल्यांनी ठरवलं होतं त्याच्याही आधी. माझं मत ‘बसवलं’. जहाज वाळूवर बसतं, म्हणून बसवताही येतं. दर्यावर कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

शुद्धमती:
‘बसवलं’ म्हणजे गणपती का? तांत्रिक क्रियेला तांत्रिक संज्ञा हवी. ‘सहेतुक तलस्थापन’ सुचवते.

कुजबुज:
हे उपशीर्षक वाचून होईपर्यंत जहाज उलटलेलं असेल.

शुद्धमती:
चेष्टा सोपी असते. नौकानयनाची परिभाषा आपण घडवली नाही, म्हणून जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी घेतात त्या भाराला आज ‘बॅलास्ट’ म्हणतो. ‘नीरम’ शब्द होता.

तळकोकणी:
नीरम हिंदी कोशात आहे. तो तिथून आणायचा आणि ‘रुतवणे’ घरातलं असून हाकलायचं, हे कुठलं शुद्धलेखन?

चिमणचारा:
जाता जाता आणखी एक विचारते. ‘कललं’ बरोबर आहे ना? बाईंनी तिथे ‘कलंडलं’ केलंय.

जुना दर्यावर्दी:
मुळीच नको! कललेलं जहाज अजून हातात असतं, कलंडलेलं गेलं. ओसाका चाळीस अंशांहून जास्त कललं, तरी कलंडलं नाही. कलंडलं ते ‘गोल्डन रे’, २०१९ साली, अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ. तेही मोटारवाहूच. शेवटी जागच्या जागी कापून तुकड्यांनी न्यावं लागलं.

शुद्धमती:
दोन्हींचं मूळ एकच वाटतं. भेद कृत्रिम आहे.

तळकोकणी:
गडू कलला तर आई नुसती बघते. कलंडला तर फडकं माझ्या अंगावर येतं. मूळ एक असेना का. आमचे आजोबा तर कलंडणे म्हणजे ‘कल + अंडे’ सांगायचे, एकदा गडगडलं की थांबत नाही म्हणून. पुराव्यादाखल फक्त आजोबा.

कुजबुज:
सकाळी नऊला कल येतात, दुपारपर्यंत उमेदवार कलंडतात. भेद सिद्ध.

जुना दर्यावर्दी:
आता खरी अडचण. तुमच्या वाक्यातला ‘मुद्दाम’च डळमळीत आहे. सुरुवातीला जहाजाच्या कंपनीने तसं सांगितलं आणि पायलट-कप्तानाची वाहवा झाली. पण ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेचा २०१६ चा अहवाल वेगळं सांगतो. ९ वाजून ९ मिनिटांनी जहाज कललं, सुकाणू आणि इंजिन दोन्ही कामातून गेली, जहाज वाहत दांड्यावर गेलं आणि सव्वानऊला टेकलं. म्हणजे ‘बसवलं’ नव्हे, ‘बसलं’. मूळ दोष बंदरातच होता. फेरीचा नेहमीचा क्रम बदलून साउदम्प्टन आधी घेतलं, त्यामुळे वरचे मजले गच्च आणि खालचे हलके. तळाच्या टाक्यांत इंधनही थोडं. बॅलास्ट किती याचा अंदाज, मालाच्या वजनाचाही अंदाजच. निघण्यापूर्वी स्थिरतेचं गणित कोणी केलंच नाही. जहाजावरची पंचवीसच्या पंचवीस माणसं वाचली, हे नशीब.

चिमणचारा:
पण निवेदक स्पष्ट ‘मुद्दाम’ म्हणतो.

शुद्धमती:
मग तेच लिहायचं. अनुवादकाने चौकशी समिती नेमू नये.

जुना दर्यावर्दी:
चुकीचं ठरलेलं वाक्य मराठीत नव्याने चुकवायचं?

शुद्धमती:
निवेदकाची चूक निवेदकाची. तुम्ही ती दुरुस्त केलीत तर प्रेक्षकाला त्याने काय म्हटलं ते कळणारच नाही.

पुळणकर:
उशिरा आलो. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, रत्नागिरीत मिऱ्याला ‘बसरा स्टार’ आलं, तेव्हा ‘जहाज लागलं’ एवढंच ऐकलं. किनाऱ्याला लागलं. २०११ मध्ये जुहूला ‘पावित’ आलं, तेही लागलंच. ‘लागणे’ला ‘लावणे’ आहेच की. होडी धक्क्याला लावतो तशी.

तळकोकणी:
धक्क्याला लावणं आणि दांड्याला लावणं यात विमा कंपनी फरक करते हो.

कुजबुज:
हा ब्रॅम्बल बँक तोच ना, जिथे वर्षातल्या मोठ्या ओहोटीला दांडा तासभर उघडा पडतो आणि दोन नौका क्लबांची मंडळी क्रिकेट खेळतात? पाणी आलं की सामना संपला. डकवर्थ-लुईस नाही, काही नाही.

पुळणकर:
तोच. पण मला एक खटकलं. वर ‘सुकाणू आणि इंजिन’ म्हटलंय. जहाज एवढं आडवं झालं तर पंखाही (प्रोपेलर) उघडा पडला असणार. त्याचं काय?

शुद्धमती:
पंखा घरात असतो. जहाजाला मळसूत्र.

तळकोकणी:
मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन मळसूत्र मागा. स्क्रू देतील.