संसदेच्या समित्या मूलभूत हक्कांचे रक्षण खरोखर करू शकतात का?

घटनावाचक
मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १३ बजावतो आणि तसा कायदा झालाच, तर अनुच्छेद ३२ व २२६ खाली न्यायालयात दाद मागता येते. या रचनेत संसदेच्या समित्यांचे स्थान कोणते, हे मला समजून घ्यायचे आहे. समितीत बहुमत सहसा सत्ताधारी बाजूचे असते, तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि प्रत्येक विधेयक तिच्याकडे पाठवलेच पाहिजे असाही नियम नाही. मग हक्कांच्या बाबतीत समितीवर भिस्त ठेवावी, की हे काम न्यायालयांचेच मानावे?

सभागृहनिरीक्षक
न्यायालयांचे महत्त्व निर्विवाद आहे, परंतु ती बहुधा हानी होऊन गेल्यानंतर येतात. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मधल्या काळात समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी माणसांना अटक झाली; इतकेच नव्हे, तर कलम रद्द झाल्यानंतरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला त्याविरुद्ध पुन्हा आदेश द्यावे लागले. कोठडीत गेलेले दिवस कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.

विधेयक समितीपुढे असते तेव्हा मात्र त्यातला प्रत्येक शब्द बदलता येण्याजोगा असतो. विधेयकाचा हेतू कमी जाचक मार्गाने साधणार नाही का, हा प्रश्न खात्याच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावून, खंडवार (विधेयकाच्या एकेका कलमावरील) चर्चेत, तिथेच विचारता येतो.

तुलनाभ्यासी
सत्ताधाऱ्यांच्या बहुमतामुळे समिती निष्प्रभच ठरते, हे मला मान्य नाही. फिनलंडमध्ये स्वतंत्र घटनात्मक न्यायालय नाही. विधेयक घटनेशी आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांशी सुसंगत आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी तेथील घटनेच्या कलम ७४ ने संसदेच्या घटनाविषयक समितीवर टाकली आहे. तिचे सदस्य निवडून आलेले खासदारच असतात. पण ती घटनातज्ज्ञांची मते मागवते आणि तिने दिलेला अभिप्राय संसदेत पाळला जातो. मार्च २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, लोकांच्या संचारावर निर्बंध घालणारे विधेयक सरकारने या समितीच्या आक्षेपांनंतर मागे घेतले. समितीचे अध्यक्षपद त्या वेळी पंतप्रधानांच्याच पक्षाकडे होते.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली आहे. तेथे २०११ च्या कायद्यानुसार प्रत्येक विधेयकासोबत मानवी हक्कांशी असलेल्या सुसंगतीचे निवेदन जोडावे लागते आणि दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती त्याची छाननी करते. आपल्याकडे निदान एवढी तरतूद व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

खंडवार
आपल्याकडचा अनुभव संमिश्र आहे आणि तो जसा आहे तसा मांडला पाहिजे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त समितीकडे गेले. सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देणाऱ्या खंड ३५ ला काही सदस्यांनी तीव्र हरकत घेतली आणि डिसेंबर २०२१ च्या अहवालाला भिन्नमत टिपण्या जोडल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतले गेले. त्याच्या जागी आलेले २०२३ चे विधेयक समितीकडे न पाठवताच संमत झाले आणि सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूद त्यातही राहिली. म्हणजे समितीने दोन वर्षे केलेले काम सभागृहाला बांधू शकले नाही. तरीही त्या टिपण्या संसदेच्या दप्तरात आहेत आणि धोका आधीच दाखवून दिला होता, याचा तो पुरावा आहे.

याहून दुर्लक्षित राहते ती दुय्यम विधिविधानावरील, म्हणजे कायद्याखाली सरकारने केलेल्या नियमांची छाननी करणारी समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. हक्कांचा संकोच पुष्कळदा मूळ कायद्यात नसतो. तो नंतर खात्याने केलेल्या नियमांत शिरतो. नियम मूळ कायद्याच्या मर्यादेत आहेत का, ते न्यायालयाचा अधिकार डावलतात का, मूळ कायद्याने मुभा दिलेली नसताना ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू होतात का, हे तपासणे तिचे काम आहे. या कामाची बातमी क्वचितच होते, पण सामान्य माणसाचा कायद्याशी संबंध येतो तो बहुतेक वेळा या नियमांतूनच.

घटनावाचक
सर्वांचे आभार. समितीला नागरिक काय देऊ शकतो, हेही कोणी सांगावे.

सभागृहनिरीक्षक
विधेयकावर समिती अनेकदा जाहीर सूचनेद्वारे लेखी निवेदने मागवते. सर्वसाधारण निषेध कळवण्यापेक्षा खंडाचा क्रमांक, त्याने बाधित होणारा हक्क आणि सुचवलेला पर्यायी मजकूर असे लिहावे. खासगीपणाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालातील कसोटी येथे उपयोगी पडते: निर्बंधाला कायद्याचा आधार आहे का, हेतू वैध आहे का आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे का. प्रत्यक्ष साक्ष द्यायची असल्यास तशी इच्छा निवेदनातच नोंदवावी. समितीला दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग बनते व गोपनीय मानले जाते, म्हणून ते परस्पर प्रसिद्ध करू नये.